हार्मोनची गोळी केव्हां सुरू करावी?

स्तनाच्या कर्करोगावर कोणतें औषध द्यावयाचें हें डॉक्टर ठरवितात. तें केव्हां सुरू करावयाचें, हा प्रश्न मात्र पुष्कळदां घरांतच उठतो आणि घरांतच त्याचें भलतें उत्तर ठरून जातें. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या घरांत आईचें ऑपरेशन होऊन गेलेलें असतें. केमोच्या सहा-आठ फेऱ्या नागपुरास नाहीं तर मुंबईस पुऱ्या झालेल्या असतात. डोक्यावर बारीक केस पुन्हां दिसूं लागलेले असतात. आणि शेवटच्या कागदावर एका ओळींत एका गोळीचें नांव लिहिलेलें असतें : टॅमॉक्सिफेन, रोज एक, पांच वर्षें. त्या ओळीकडे घरांतील माणसें दोन तऱ्हांनीं पाहतात. कांहींना वाटतें कीं मोठें संकट टळलें, आतां ही किरकोळ गोळी सवडीनें घेतली तरी चालेल. कांहींच्या मनांत उलट धास्ती शिरते : ही गोळी इतकी महत्त्वाची, तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवसापासून ती कां दिली नाहीं? सहा महिने फुकट तर गेले नाहींत? या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. दुसरीनें नुसती झोप उडते. पहिलीनें प्राण जाऊं शकतो.

गोळीचें नांवच मुळीं फसवें आहे. "हार्मोनची गोळी" म्हटलें कीं बाईच्या शरीरांत कांहीं हार्मोन भरलें जात आहे असें वाटतें, आणि एखादी जाणती आत्याबाई सांगून जाते कीं हार्मोननेंच तर हा रोग होतो, मग तेंच पुन्हां कशाला घेतां? वस्तुतः ही गोळी हार्मोनच्या विरुद्ध काम करणारी आहे. स्त्रीच्या बीजाशयांतून इस्ट्रोजेन नांवाचा जो अंतःस्राव रक्तांत मिसळतो, त्याला धरून ठेवणारे ग्राहक कांहीं कर्करोगाच्या पेशींत असतात. अशा पेशींना इस्ट्रोजेन हें खतपाण्यासारखें मानवतें. तें मिळालें कीं त्या फोफावतात. टॅमॉक्सिफेन त्या ग्राहकाची जागा स्वतः अडवून बसतें, म्हणून खरें इस्ट्रोजेन आलें तरी त्याला तेथें थारा मिळत नाहीं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आदि दुसऱ्या जातीच्या गोळ्या निराळ्या वाटेनें जातात. पाळी कायमची गेल्यावरही स्त्रीच्या चरबींत व इतर ठिकाणीं थोडें इस्ट्रोजेन तयार होत राहतें; तें तयार होण्याचें कामच त्या बंद पाडतात. ज्या गांठींत हे ग्राहक नाहींत, त्या गांठींवर यांपैकीं कोणत्याही गोळीचा उपयोग नाहीं.

बीजाशय आणि स्तन यांचा हा संबंध प्रथम ध्यानांत आला तो गुरांच्या गोठ्यावरून, हें वऱ्हाडांतील माणसांस मौजेचें वाटेल. स्कॉटलंडांत जॉर्ज बीट्सन नांवाचा शल्यवैद्य होता. तरुणपणीं एका मानसिक रुग्णाच्या देखभालीसाठीं तो खेड्यांतील एका वाड्यावर राहिला; हाताशीं वेळ मोकळा असल्यामुळें त्यानें दूध उतरण्याच्या क्रियेवर प्रबंध लिहावयास घेतला. गाय व्याल्यावर तिचीं बीजाशयें काढून टाकलीं तर ती दीर्घ काळ दूध देत राहते, असा कांहीं देशांतील शेतकऱ्यांचा अनुभव त्याच्या वाचनांत आला. बीजाशय स्तनाच्या पेशींवर दुरून हुकमत चालवितें, हा धागा त्यानें मनांत ठेवला. पुढें १८९५ सालीं ग्लासगो येथें स्तनाचा रोग पुन्हां उलटलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचीं बीजाशयें त्यानें काढलीं, आणि कांहीं महिन्यांत तिच्या छातीवरील गांठी विरून गेल्या. १८९६ सालीं त्यानें ही हकीकत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केली. हार्मोन हा शब्दसुद्धां त्या वेळीं निघालेला नव्हता.

टॅमॉक्सिफेनची कथाही अशीच वाकड्या वाटेची आहे. इंग्लंडांतील आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेंत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं १९६२ सालीं हें द्रव्य तयार केलें, तें गर्भनिरोधक म्हणून. त्या कामीं तें निरुपयोगी ठरलें. पुढें मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयांत तें कर्करोगावर देऊन पाहण्यांत आलें आणि १९७३ सालीं ब्रिटनमध्यें त्याला परवानगी मिळाली. जगभरांतील वीस चाचण्यांतील एकवीस हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०११ सालीं जो निष्कर्ष मांडण्यांत आला, तो असा कीं ग्राहक असलेल्या रोगांत पांच वर्षें गोळी घेतल्यानें पहिल्या पांच वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतें, आणि पंधरा वर्षांच्या हिशेबांत या रोगानें होणारे मृत्यु सुमारें एकतृतीयांशानें घटतात. एवढें काम करणारी ही गोळी कांहीं रुपयांना मिळते, म्हणूनच बहुधा तिला कोणी फारसा मान देत नाहीं. ज्या सलाइनसाठीं शेत गहाण पडलें, तें औषध मोठें वाटतें. जें मेडिकलच्या दुकानांत डोकेदुखीच्या गोळीशेजारीं मिळतें, तें किरकोळ वाटतें.

आतां मूळ प्रश्न. ऑपरेशन झालें आणि केमो द्यावयाची ठरली, तर गोळी केमोबरोबर कां देत नाहींत? याचें कारण दोन्ही औषधांच्या स्वभावांत आहे. केमोचें औषध, ज्या पेशी दुभंगून वाढण्याच्या धांदलींत असतात त्यांच्यावर घाव घालतें. टॅमॉक्सिफेन पेशींची तीच धांदल थांबवितें; त्यांना स्वस्थ बसवितें. स्वस्थ बसलेली पेशी केमोच्या तडाख्यांतून निसटण्याचा संभव असतो. एकानें रान उठवावयाचें आणि दुसऱ्यानें सावज बिळांत दडवावयाचें, असा हा प्रकार होईल. शिवाय दोन्ही औषधांच्या अंगीं रक्त गोठविण्याचा थोडाथोडा दोष आहे. दोन्ही एकदम दिल्यास पायाच्या शिरेंत गुठळी होण्याचा धोका वाढतो. हा केवळ तर्क नाहीं. पाळी गेलेल्या व कांखेच्या गांठींत रोग पोहोंचलेल्या सुमारें दीड हजार स्त्रियांवर अमेरिकेंत एक मोठी चाचणी झाली. कांहींना नुसती टॅमॉक्सिफेन, कांहींना केमोबरोबरच टॅमॉक्सिफेन आणि कांहींना केमो संपल्यावर टॅमॉक्सिफेन, अशी विभागणी होती. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालाप्रमाणें केमोची जोड मिळालेल्या स्त्रिया नुसत्या गोळीवाल्या स्त्रियांहून चांगल्या राहिल्या. आणि त्या दोन गटांतही कौल मागाहून गोळी सुरू करण्याच्या बाजूनें पडला. हा दुसरा फरक फार मोठा नव्हता, संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो कांठावरच उभा राहिला. पण उलट दिशेचा पुरावा कोणाजवळच नसल्यामुळें, आधीं केमो व मग गोळी, हाच क्रम सर्वत्र रूढ झाला. तेव्हां केमो चालू असतांना गोळी दिली नाहीं म्हणून हळहळणाऱ्या मुलीनें मनांतली ती खंत काढून टाकावी. ते महिने वायां गेलेले नसतात.

थांबावयाचें तें केमोसाठीं. केमोची शेवटची फेरी झाली, तिचा शीण उतरला, रक्ताचे आंकडे ठीक आले, म्हणजे साधारणपणें तीन-चार आठवड्यांत गोळी सुरू होऊं शकते. येथें दुसरी अडचण उभी राहते, ती किरणोपचाराची. आपल्याकडे ज्याला "शेक" म्हणतात, त्याची. सून विचारते, "डॉक्टरसाहेब, शेक अजून व्हायचा आहे, मग गोळी आत्तांच कशाला?" प्रश्न रास्त आहे. टॅमॉक्सिफेन व शेक एकत्र चालले तर शेकाच्या वाटेंत येणारा फुप्फुसाचा भाग थोडा अधिक कडक होतो काय, अशी शंका पूर्वीं घेतली गेली, आणि कांहीं डॉक्टर त्यासाठीं शेक संपेपर्यंत थांबतात. परंतु २००५ सालीं अमेरिकेंतील तीन ठिकाणच्या जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध झाल्या, त्यांत शेकाबरोबर गोळी घेणाऱ्या आणि शेकानंतर घेणाऱ्या स्त्रियांच्या आयुर्मानांत वा रोग उलटण्यांत ठळक फरक आढळला नाहीं. म्हणून या बाबतींत डॉक्टर जें सांगतील तें दोन्हीपरी योग्य. मात्र शेक तीन आठवड्यांत आटोपणार असेल तरच "शेकानंतर" या शब्दाला अर्थ आहे. यंत्रावर तारीख दोन-अडीच महिन्यांनंतरची मिळाली, तर "शेकानंतर" म्हणजे केव्हां, हें पुन्हां विचारून घेतलें पाहिजे. हर-टू नांवाच्या दोषासाठीं वर्षभर जें ट्रास्टुझुमॅबचें इंजेक्शन चालतें, त्याच्यासाठीं तर मुळींच थांबावयाचें कारण नाहीं; तें आणि गोळी खुशाल बरोबर चालतात.

ज्यांना केमोची गरजच नाहीं, त्यांचा प्रश्न सोपा. गांठ लहान, कांख स्वच्छ, ग्राहक भरपूर, अशा पुष्कळ स्त्रियांना केमोपासून फारसा लाभ नाहीं, हें आतां ठरून गेलें आहे. त्यांची जखम भरली कीं कांहीं आठवड्यांतच गोळी सुरू करावयाची. म्हाताऱ्या आणि हृदयाच्या किंवा दम्याच्या विकारानें खंगलेल्या बाईच्या बाबतींत तर कधीं कधीं क्रम उलटतो : आधीं कांहीं महिने गोळी देऊन गांठ आक्रसूं द्यावयाची, मग ऑपरेशन. २०२० सालच्या कोरोनाच्या सांथींत ऑपरेशनें पुढें ढकलावीं लागलीं तेव्हां, ग्राहक असलेल्या रोग्यांना तोंवर गोळीवर ठेवण्याचा सल्ला जगांतील अनेक वैद्यकीय संस्थांनीं दिला होता. आणि रोग हाडांत वा अन्यत्र पसरलेला असेल व ग्राहक असतील, तर जीवावरचें तांतडीचें संकट नसल्यास हार्मोनविरोधी औषध हेंच पहिलें, केमो मागाहून. पसरलेल्या रोगांत "नुसती गोळी दिली, म्हणजे डॉक्टरांनीं हात टेकले" असें जें समजलें जातें, तें खरें नव्हे.

हार्मोन आणि वेळ यांच्या संबंधावर एक मोठा प्रयोग मुंबईंतच, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत झाला आहे. डॉ. राजेंद्र बडवे हे १९९१ सालीं लंडनमध्यें काम करीत असतां, पाळीच्या कोणत्या दिवसांत स्तनाचें ऑपरेशन झालें याचा पुढील आयुष्याशीं कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न त्यांनीं जुन्या नोंदींवरून मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाला. भारतांत परतल्यावर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो प्रश्न नुसता वादांत न ठेवतां चाचणीस लावला. १९९७ ते २००५ या काळांत एक हजार स्त्रियांपैकीं निम्म्यांना ऑपरेशनपूर्वीं पांच ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या जातीचें एकच इंजेक्शन देण्यांत आलें, निम्म्यांना नाहीं. निकाल २०११ सालीं प्रसिद्ध झाला. सर्व स्त्रियांचा एकत्र हिशेब केला तर स्पष्ट फरक दिसला नाहीं. पण ज्यांच्या कांखेच्या गांठींत रोग होता त्यांच्यापुरतें पाहतां, पांच वर्षें रोगावांचून राहिलेल्या स्त्रिया शेंकडा सुमारें ५५ ऐवजीं ६५ निघाल्या. एका गटापुरतें मागाहून दिसलेलें हें फळ असल्यामुळें तें इंजेक्शन सर्वांस देण्याची प्रथा पडलेली नाहीं, आणि तसा आग्रह कोणी रुग्णालयांत धरूं नये. परंतु औषध तेंच असूनही त्याच्या वेळेला स्वतंत्र किंमत असूं शकते, आणि ती अंदाजानें नव्हे तर मोजून ठरवावी लागते, हें आपल्या बाजूच्या स्त्रियांच्याच सहभागानें तपासलें गेलें. परळच्या त्या दारांत विदर्भांतून रात्रीची गाडी धरून आलेलीं कुटुंबें रोज उभीं असतात.

गोळी सुरू करावी कीं नाहीं, हें ज्या एका कागदावर अवलंबून असतें त्याची घरांत सर्वांत अधिक आबाळ होते. तो कागद म्हणजे गांठीच्या तपासणीचा अहवाल. त्यावर ई.आर. आणि पी.आर. अशीं दोन नांवें आणि त्यांपुढें शेंकडेवारी असते. शंभरांत एक पेशी जरी रंगली तरी ती गांठ ग्राहक असलेली समजावी, असा सध्यांचा संकेत आहे. अर्थात् एकापासून दहापर्यंतच्या आंकड्यांत गोळीचा लाभ किती, याविषयीं खात्री कमी. हा आंकडा खरा येण्यासाठीं काढलेली गांठ लगेच फॉर्मॅलिनमध्यें पडली पाहिजे. तालुक्याच्या गांवीं "साधी गांठ" म्हणून काढलेला तुकडा कधीं मिठाच्या पाण्यांत, कधीं तसाच बाटलींत उन्हातान्हांतून अकोल्यापर्यंत प्रवास करतो. तोंवर ग्राहक नासून जातात आणि अहवालावर "निगेटिव्ह" असें उमटतें. मग ज्या बाईला पांच वर्षें आधार देणारी गोळी मिळावयाची, तिला ती कधींच मिळत नाहीं. गांठीचें लक्षण एक सांगतें आणि अहवाल दुसरें, असें डॉक्टरांना वाटलें तर मेणांत बसविलेला तुकडा, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेंत "ब्लॉक" म्हणतात, तो मागवून परीक्षा पुन्हां करतां येते. तो ब्लॉक प्रयोगशाळा जपून ठेवते, मागितल्यास मिळतो. अहवालाची मूळ प्रत लग्नपत्रिका आणि विजेचीं बिलें यांच्या गठ्ठ्यांत न टाकतां वेगळी ठेवावी.

कोणती गोळी, याचें उत्तर पाळीवर ठरतें, आणि येथें एक चूक वारंवार घडते. पाश्चात्य देशांच्या मानानें आपल्याकडे हा रोग सुमारें दहा वर्षें आधीं गांठतो. चाळिशीच्या आंतबाहेरच्या स्त्रिया पुष्कळ असतात. केमोनें त्यांची पाळी थांबते. घरचीं माणसें समजतात कीं ती गेली, आणि बाईही "आतां माझें सर्व संपलें" असेंच डॉक्टरांना सांगते. तेवढ्यावरून लेट्रोझोल सुरू झालें, तर तें फसण्याचा संभव असतो. कारण केमोनें थांबलेली पाळी वर्षा-दीड वर्षानें परत येऊं शकते, आणि बीजाशय जागें असतांना ती गोळी एकटी पुरी पडत नाहीं. म्हणून अशा स्त्रीस बहुधा टॅमॉक्सिफेन देतात. आणि रोगाचा जोर अधिक असेल तर बीजाशयाचें काम थांबविणारें इंजेक्शन दर महिन्यास किंवा तीन महिन्यांस देऊन त्याच्या जोडीला दुसरी गोळी. मेळघाटांतील धारणीच्या बाजूची बाई दर महिन्याला इंजेक्शनसाठीं घाट उतरून परतवाड्याला कशी येणार, हा विचारही औषधाच्या विचारांतच धरावा लागतो. अशा वेळीं दुर्बिणीनें बीजाशयें कायमचीं काढून टाकण्याचा मार्ग आजही खुला आहे. बीट्सनची जुनी शस्त्रक्रिया अशी नव्या कारणानें उपयोगीं पडते. गोळी चालू असतांना दिवस राहूं देतां कामा नये, आणि त्यासाठीं हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या न घेतां तांबीसारखा उपाय करावा. ज्या तरुणीला मूल हवेंच आहे, तिनें हें सुरुवातीसच बोलून ठेवावें. दीड ते अडीच वर्षें गोळी घेऊन मग ती कांहीं काळ थांबवितां येते काय, याची चाचणी झाली असून २०२३ सालीं तिचा पहिला निकाल आश्वासक आला आहे. पण तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. आपल्या मनानें नव्हे.

खरा घोटाळा होतो तो वाटेंत. ऑपरेशन अमरावतीस झालेलें, केमो नागपुरास तुकडोजी महाराजांच्या नांवाच्या कर्करोग रुग्णालयांत, शेक अकोल्यास संत तुकाराम रुग्णालयांत, आणि गोळी लिहून द्यावयाची कोणी? प्रत्येक डॉक्टर समजतो कीं दुसऱ्यानें लिहिली असेल. (ज्या महाराजांच्या नांवानें नागपूरचें तें रुग्णालय आहे, ते अमरावती जिल्ह्यांतील यावलीचे, १९६८ सालीं ते स्वतः याच रोगाच्या दुखण्यानें गेले.) अमरावती जिल्हा २०१२ सालच्या जुलैंत राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या अगदीं पहिल्या आठ जिल्ह्यांत होता, पुढें २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. ऑपरेशन, केमो व शेक यांच्या मोठ्या खर्चाला त्या योजनेनें हात दिला, त्यासाठीं माणसें कागद घेऊन धांवलीं. शेवटचा मोठा खर्च संपला कीं धांवणेंही संपतें. मग पोळा होऊन जाऊं द्या, सोयाबीनची सोंगणी आटोपूं द्या, कापसाची वेचणी संपूं द्या, धाकटीचें लग्न उरकूं द्या, असें करतां करतां वर्ष उलटतें. बाई स्वतः तर हट्ट धरीतच नाहीं. आजारपणांत घराचें पुष्कळ खर्चलें, आतां पुन्हां आपल्यासाठीं कोणाला अकोल्यास पाठवावयाचें, या संकोचांत ती गप्प राहते. अमेरिकेंतील शल्यवैद्यांच्या संस्थेनें रुग्णालयांचें काम पारखण्यासाठीं एक दंडक घातला आहे : ग्राहक असलेल्या स्त्रीस निदानापासून एका वर्षाच्या आंत हार्मोनविरोधी उपचार सुरू झाला पाहिजे, किंवा निदान त्याचा विचार तरी झालेला असला पाहिजे. वर्ष ही शेवटची हद्द आहे, सवलत नव्हे. कांहीं आठवडे इकडेतिकडे झाल्यानें बिघडत नाहीं, हेंही तितकेंच खरें. केमोच्या शेवटच्या फेरीच्या दिवशींच "गोळी कोण लिहिणार आणि कोणत्या तारखेस?" हें विचारून कागदावर लिहवून घेतलें, तर यांतलें पुष्कळ टळेल.

सुरू झाल्यावर पहिल्या कांहीं महिन्यांत अंगांतून वाफा निघाल्यासारखें होतें, रात्रीं घाम सुटतो, लेट्रोझोलनें सांधे धरतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत हा त्रास कोणत्या घरांत थट्टेवारी जातो, कोणत्या घरांत भांडणावारी. पण त्यासाठीं गोळी आपण होऊन बंद करूं नये, तक्रार सांगावी, गोळी बदलतां येते. पिंढरी एकाएकीं सुजली, दम लागला, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हां रक्त दिसलें, तर मात्र त्याच दिवशीं दाखवावें. उदासीनतेसाठीं जीं औषधें देतात त्यांतील पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखीं कांहीं टॅमॉक्सिफेनचा जोर कमी करतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जातांना या गोळीचें नांव सांगावें.

आणि ज्या घरांत ती ओळ खरोखरच वाचावयाची राहून गेली? दर्यापूरच्या किंवा मुर्तिजापूरच्या एखाद्या बाईचें ऑपरेशन होऊन दोन वर्षें लोटलीं आहेत, पिशवी उघडतांना मुलाच्या हातीं तो कागद लागला आहे, आणि आतां बोलावें कीं न बोलावें अशा विचारांत तो आहे. त्यानें बोलावें. फ्रान्समधील एका चाचणींत, ऑपरेशन होऊन दोन वर्षांहून अधिक काळ गेलेल्या व गोळी कधींच न घेतलेल्या स्त्रियांपैकीं कांहींना टॅमॉक्सिफेन सुरू करण्यांत आली, कांहींना नाहीं. २००० सालीं तिचा दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यांत ग्राहक असलेल्या आणि कांखेंत रोग पोहोंचलेल्या स्त्रियांना उशिरा सुरू केलेल्या गोळीचाही लाभ झालेला दिसला. बाईला घेऊन इर्विनच्या किंवा सर्वोपचारच्या बाह्यरुग्ण विभागांत जावें, अहवाल दाखवावा. अहवाल नसेल तर ज्या प्रयोगशाळेंत गांठ गेली तिचें नांव सांगावें. डॉक्टर रोग कोठें उलटला नाहीं ना हें पाहतील, पूर्वीं पायांत गुठळी झाली होती काय आणि पाळी केव्हां गेली हें विचारतील, ब्लॉक मागवतील, आणि ई.आर.पुढचा आंकडा पाहून त्याच दिवशीं चिठ्ठी लिहितील.